कासवांच्या किनाऱ्यावर जायचंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबर सरत आला की विचारणा सुरू होते. अंडी घालायला किनाऱ्यावर येणारी समुद्री कासवं कुठं दिसतात, कधी जायचं, पोरांना दाखवता येतील का. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ या भागातून समुद्राकडे निघणाऱ्यांसाठी ही उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. किनारे महाराष्ट्राचे, गोव्याचे किंवा कारवारकडचे (उत्तर कन्नड जिल्ह्याचे), आपण सगळीकडे पाहुणेच. उत्तरं त्याच हिशोबाने वाचा.

बेळगावहून सगळ्यात जवळचा किनारा कुठला?

वेंगुर्ला तालुक्यातलं वायंगणी आणि गोव्यातलं मोरजी. दोन्ही सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, साडेतीन तास धरा. वायंगणीला आपल्या जुन्या वेंगुर्ला रोडने जायचं: शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड, आंबोली, सावंतवाडी. एके काळी वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने बेळगावच्या कॅम्पात यायचा. मोरजीला जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा.

त्याहून लांब जायची तयारी असेल तर काणकोण तालुक्यातले आगोंद आणि गालजीबाग आहेत. लोंढा, अनमोड, मडगाव करत पाच तास लागतात. कारवारला रामनगर-जोयडामार्गे जाता येतं. कारवार आणि होन्नावर तालुक्यांच्या किनाऱ्यांवरही कासवं अंडी घालतात आणि कर्नाटकचं वनखातं ती राखतं, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास मात्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. तिकडे एका दिवसात जाऊन यायचा हट्ट धरू नका.

आता आमचं मत. पहिल्यांदाच जात असाल तर वायंगणी किंवा वेळास बरं, कारण तिथं समजावून सांगणारं गावातलं माणूस भेटतं. गालजीबाग ज्याला गप्प बसता येतं त्याच्यासाठी आहे: दोन नद्यांच्या मधला किनारा, मागे सुरूचं बन, बाकी काही नाही. मोरजीच्या टेंबवाड्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून घरटी राखली जातात, पण आजूबाजूला शॅक, दिवे आणि गर्दी इतकी वाढली आहे की खास कासवांसाठी म्हणून तिकडे जाऊ नका. गेलातच तर कुंपण लांबून बघा आणि पुढे सरका.

कधी जायचं?

काय बघायचं आहे त्यावर ठरतं. मादी अंडी घालायला येते ती साधारण नोव्हेंबर ते मार्च. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल. अलीकडे पाऊस लांबतो तसा हंगामही मागेपुढे होतो, त्यामुळे गेल्या वर्षी अमुक तारखेला दिसली म्हणून यंदा त्याच तारखेची खोली धरू नका. आधी गावात फोन करा.

आपल्याकडच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, महाराष्ट्रातल्या शाळा तेव्हा अजून परीक्षेत असतात. त्या आठवड्यातले मधले वार आपल्या पोरांसाठी सोन्यासारखे. किनाऱ्यावर गर्दी कमी, आणि शेवटची घरटी फुटायची बाकी असतात. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच.

कासव नक्की दिसेल ना? एवढ्या लांब जाऊन हात हलवत परत यायचं का?

नक्की नाही. आणि हे गाडीत बसण्यापूर्वी घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर आंबोलीपर्यंत येताना नुसती कुरकुर ऐकावी लागते.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ओडिशासारखी हजारो कासवं एका रात्रीत येत नाहीत. गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला जे घडतं ते इकडे होत नाही. इकडे एकटीदुकटी मादी येते, तीही कुठल्या रात्री, किनाऱ्याच्या कुठल्या टोकाला, हे कुणाला सांगता येत नाही. पिल्लांचं थोडं बरं आहे, कारण घरट्याची तारीख लिहिलेली असते आणि फुटायचा अंदाज बांधता येतो. तरी चार दिवस इकडेतिकडे होतातच.

‘पैसे दिलेत, दाखवा’ असा सूर लावणारी माणसं गेली की घरट्यावर पालथी घातलेली टोपली पुन्हा पुन्हा उचलली जाते, वाळू उकरून बघायचा आग्रह होतो. हे होऊ नये म्हणून सांगतोय. दोन रात्री मुक्काम केलात तर शक्यता वाढते. एका रात्रीत दिसलं तर नशीब समजा.

ही कुठली कासवं? मोठी असतात का?

इकडे अंडी घालायला येणारी जवळजवळ सगळी ऑलिव्ह रिडले जातीची. पाठ साधारण दोन फुटांची, वजन चाळीस किलोच्या आसपास. भारतात समुद्री कासवांच्या पाच जाती आढळतात, त्यातली ही आकाराने सगळ्यात लहान. जेलीफिश, खेकडे, कोळंबी असं खाते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे, म्हणजे कायद्याने वाघाच्या रांगेतली. कासव किंवा त्याची अंडी पकडणं, पळवणं, विकणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते.

रात्री किनाऱ्यावर थांबून अंडी घालणारी मादी बघता येईल का?

आपल्या आपण नाही. वनखात्याचं माणूस किंवा गावातला कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावकरी, बरोबर असेल, त्यांनी बोलावलं असेल, तरच.

मादी पाण्यातून बाहेर आली की आधी थांबते, अंदाज घेते. या वेळी तिला समोर हालचाल दिसली, उजेड दिसला, तर ती अंडी न घालताच मागे फिरते. वरची कोरडी वाळू तिने निवडली की मागच्या पंजांनी खड्डा खणायला घेते. एक पंजा वाळू काढतो, दुसरा आधी काढलेली दूर फेकतो. खड्डा पुरेसा झाला की अंडी घालते, शंभर-सव्वाशे तरी असतात. मग वाळू लोटून सगळं अंग डावीकडे-उजवीकडे आपटत ती जागा चोपून काढते. हे सगळं तासाभरात उरकतं. डोळ्यांतून पाणी वाहताना दिसतं ते रडू नव्हे. समुद्राच्या पाण्यातून अंगात जाणारं जादा मीठ ती डोळ्याजवळच्या ग्रंथीतून बाहेर टाकते, आणि पाण्यातही हे चालूच असतं.

बोलावणं आलंच तर तिच्या मागच्या बाजूला, लांब, खाली बसून बघायचं. समोर जायचं नाही. ती परत निघाली की तिच्या आणि पाण्याच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही.

टॉर्च तर लागेलच की! काळोखात चालणार कसं?

दहा मिनिटं दिव्याशिवाय उभे राहा, डोळे सरावतात. वाळू आणि फेस यांचाच उजेड पुष्कळ असतो. अगदीच अडलं तर टॉर्चवर लाल जिलेटीन कागद रबराने लावा आणि प्रकाश पायाशी ठेवा. मोबाईलचा स्क्रीनही टॉर्चच आहे हे लोक विसरतात.

पिल्लांच्या बाबतीत उजेडाचा मुद्दा जास्त गंभीर. ती बहुधा रात्री, वाळू थंड झाल्यावर वर येतात आणि क्षितिजाजवळ ज्या बाजूला उजेड अधिक तिकडे चालू लागतात. किनारा काळोखा असेल तर ती बाजू समुद्राचीच असते. मागे हॉटेलचा फोकस असेल तर पिल्लं जमिनीकडे वळतात, झुडपात अडकतात, आणि उजाडल्यावर कावळे, घारी, कुत्री यांच्या तावडीत सापडतात. म्हणून ज्या खोलीत उतरला आहात तिचा समुद्राकडचा दिवा बंद करा, पडदे ओढा. हॉटेलवाल्याला बाहेरचा फोकस बंद ठेवायला सांगा. गिऱ्हाइकाने सांगितलेलं तो ऐकतो, वनखात्याच्या नोटिशीपेक्षा लवकर.

फोटो, रील काढू शकतो का?

दिवसाउजेडी पिल्लं सोडतात तेव्हा गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडून, फ्लॅश बंद ठेवून काढा. रात्री नाही. घरट्याची नेमकी जागा दाखवणारा व्हिडिओ लोकेशन टाकून चढवू नका. अंडी चोरणारे आजही आहेत, आणि त्यांच्याकडेही मोबाईल आहे. ड्रोन घरीच ठेवा.

पिल्लू हातात घेऊ देतात का?

नाही. ज्या ठिकाणी देतात तिथं परत जाऊ नका.

मग कासवमित्र पिल्लांना उचलून थेट पाण्यात का सोडत नाहीत? बिचारी किती धडपडतात!

हा प्रश्न बायका जास्त विचारतात, आणि तो मनापासून असतो. पिल्लू असतं जेमतेम चार सेंटिमीटरचं, वीस ग्रॅमच्या आतबाहेर. लाट आली की उलटंपालटं होतं, परत किनाऱ्यावर फेकलं जातं, परत निघतं. बघवत नाही हे खरं.

पण वाळूवरची ही चाल त्याच्या कामाची आहे. चालताना अंगात बळ येतं, दिशा पक्की होते. मोठी झालेली मादी ज्या भागात जन्मली त्याच भागातल्या किनाऱ्याकडे अंडी घालायला परतते. त्यासाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण ती पिल्लू असतानाच मनात धरते असं शास्त्रज्ञ मानतात. पाण्यात शिरलं की पिल्लू लाटांना सामोरं जात पोहू लागतं आणि पहिला दिवसभर जवळजवळ न थांबता पोहतं. त्या वेळचं अन्न त्याच्या पोटात असतं, अंड्यातल्या बलकाचा उरलेला भाग. किनाऱ्याजवळच्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या टप्प्यातून निसटायचं तर ही शिदोरी वाया जाऊन चालत नाही. दोरीच्या कडेला उभं राहून हातात घेणं, फोटोसाठी थांबवणं, टबात ठेवून नाचवणं यात नेमकी तीच खर्च होते.

हजारात एक जगतं असं सर्रास सांगितलं जातं. तो अंदाज आहे, पण जगणारी फार थोडी हे नक्की.

अंडी घरट्यातून काढून दुसरीकडे का पुरतात? निसर्गात ढवळाढवळ नाही का ती?

आहे. म्हणूनच सगळीकडे करत नाहीत. गोव्यात बऱ्याच ठिकाणी घरटं आहे तिथंच जाळीचं कुंपण घालून राखतात, आणि जमेल तिथं तेच बरं. पण घरटं उधाणाच्या रेषेत असेल, कुत्र्यांचा, कोल्ह्यांचा, रानडुकरांचा उपद्रव असेल, तर अंडी हलवावी लागतात. पूर्वी माणसंच अंडी उकरून न्यायची, खायला आणि विकायला. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास काम सुरू केलं ते याच कारणाने. पुढे २००६ पासून तिथं कासव महोत्सव भरू लागला आणि पर्यटकांच्या मुक्कामातून गावाला मिळकत झाली. अंडी विकण्यापेक्षा अंडी राखण्यात चार पैसे आहेत हे एकदा गावाला पटलं की राखणदार बाहेरून आणावा लागत नाही.

हे काम कसं चालतं ते बघायला मिळालं तर पिल्लांपेक्षाही बघण्यासारखं आहे. पहाटे कासवमित्र किनाऱ्याच्या एका टोकाकडून चालत सुटतो, नजर वाळूवर. भरतीच्या रेषेतून वर चढलेला माग दिसला की थांबतो. डाव्या-उजव्या पंजांच्या खुणा समोरासमोर नसतात, आळीपाळीने पडलेल्या असतात. माग वर जातो, वळतो, पुन्हा पाण्यात उतरतो. त्या वळणापाशी वाळू विस्कटलेली. तिथं तो बारीक काठी हलक्या हाताने टेकवत जातो. बाकी जागी काठी अडते, घरट्यावर मात्र सहज आत सरकते. मग काठी बाजूला ठेवायची आणि हाताने उकरायचं. कोपरापर्यंत हात गेला की बोटांना पहिलं अंडं लागतं, टेबलटेनिसच्या चेंडूएवढं. कवच कडक नसतं, दाबलं तर खळगा पडतो.

बादलीच्या तळाशी आधी त्याच घरट्यातली ओलसर वाळू, वर एकेक अंडं, न फिरवता, जसं होतं तसंच. मोजणी तोंडाने चालू. घाई असते, कारण घातल्यानंतर काही तासांनी आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटं झालं की गर्भ मरतो. हॅचरीत, म्हणजे हलवलेली अंडी राखायच्या कुंपणातल्या जागेत, दीड फूट खोल, वर अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा तयार ठेवायचा, अंडी त्यात रचायची, वाळू लोटायची, शेजारी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी रोवायची. महिन्या-दीड महिन्याने त्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. तुम्ही बघायला जाता ती हीच टोपली. हे सगळं वनखात्याच्या परवानगीने होतं. बाकी कुणी अंड्याला हात लावला तर तो गुन्हा.

उन्हाळा वाढतोय, त्याचा परिणाम होतो का?

होतो, आणि विचित्र पद्धतीने होतो. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. २९-३० अंश सेल्सियसच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून गरम वाळूत माद्या वाढतात, थंड वाळूत नर. फारच तापली तर अंडी आतच मरतात. म्हणून काही हॅचरींवर हिरवी जाळी किंवा झापांची सावली दिसते.

कासवाला हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला तर चालेल ना? कूर्मावतार आहे.

नमस्कार लांबून करा, त्याला कुणाची ना नाही. देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवावर आपण हात ठेवतो, ती सवय इथं नको. मादी खड्डा खणत असताना तिच्या पाठीवर कुंकू टाकणं, समोर नारळ फोडणं, उदबत्ती लावणं असे प्रकार घडतात. तिला ते संकटच वाटणार. नारळ फोडायचाच असेल तर गावदेवीच्या देवळात फोडा, गावालाही बरं वाटेल.

गाडी किनाऱ्यापर्यंत जाते का? थार आहे, वाळूत उतरवता येईल?

गाडी गावात लावा आणि चाला. सरळ सांगायचं तर बेळगाव, कोल्हापूर, हुबळीच्या पासिंगच्या गाड्या वाळूत घालून गोल-गोल फिरवणाऱ्यांनी आपल्या सगळ्यांचं नाव खराब केलं आहे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली तर पोलीस गुन्हा दाखल करतात, आणि ते योग्यच आहे.

त्या चाकांखाली काय होतं ते एकदा समजून घ्या. वाळूखाली दीड फुटावर शंभर अंडी असतील तर वरची वाळू दाबून घट्ट होते आणि फुटलेल्या पिल्लांना वर येता येत नाही. वर आलीच तर चाकोरीत अडकतात. आपल्याला जी तीन इंचांची रेघ, ती त्या चार सेंटिमीटरच्या जिवाला भिंत. ते त्या रेघेतून सरळ चालत राहतं, समुद्राला समांतर, ऊन चढेपर्यंत.

वाळूचे किल्ले, पोरांनी खणलेले खड्डे यांचंही तेच. खेळून झालं की बुजवून टाका.

राहायचं-जेवायचं कुठं?

गावातच, घरगुती. वेळासला घरोघरी सोय होते, वेंगुर्ल्याच्या बाजूलाही मिळते. खोली साधी असेल, एसी नसेल, बाथरूम कधी घराबाहेर असेल. जेवायला काय मिळणार ते आधी फोनवर विचारा, आयत्या वेळी ‘काकू, चिकन करता का’ म्हणून त्यांची पंचाईत करू नका. रोख पैसे बरोबर ठेवा, मोबाईलवरून पैसे जातीलच असं धरून चालू नका. घासाघीस तर नकोच. महिन्या-दोन महिन्यांचा हा हंगाम, त्यावरच राखण चालते.

कडक भाकरी-चटणी, कुंदा, चिवडा घेऊन जाणार हे ठरलेलंच. घेऊन जा, फक्त पिशव्या आणि डबे परत आणा.

संध्याकाळी किनाऱ्यावर छोटी पार्टी?

नाही. गोव्यात सार्वजनिक किनाऱ्यावर दारू पिणं आणि उघड्यावर स्वयंपाक करणं दोन्ही दंडपात्र आहे. दंड बाजूला ठेवा. कोंबडीची हाडं आणि उरलेला भात वाळूत टाकला की त्या वासाने कुत्री येतात, ती तिथंच रमतात, आणि दुसऱ्या रात्री घरटं उकरतात. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालणाऱ्या भल्या माणसांनाही हेच सांगणं आहे. आपला घरचा कुत्रा बरोबर आणू नका.

आपल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या लोकांना हे फार समजवावं लागत नाही. पावसाळ्यात धबधब्यांखाली बाहेरून येऊन कोण काय करून जातं, ते उचलायला सकाळी कुणाला जावं लागतं, हे त्यांनी बघितलेलं असतं.

आई-बाबांना, लहान पोरांना नेता येईल का?

हो. मात्र वाळूत अर्धा-एक किलोमीटर चालावं लागेल हे धरून चला. गुडघ्याचं दुखणं असेल तर काठी घ्या. पिल्लं सोडायची वेळ सकाळी उजाडताना किंवा संध्याकाळी असते, दुपारी किनाऱ्यावर काही नसतं. पाच वर्षांखालच्या पोरांना रात्रीच्या फेरीला नेऊ नका. रडणार, आणि रडलं की तुम्ही मोबाईल काढून देणार.

शाळेची सहल न्यायची आहे. पन्नास मुलं आहेत.

एकदम पन्नास नको. दोन तुकड्या करा, एक हॅचरीवर, दुसरी गावात. निघण्यापूर्वी वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाला पत्र द्या. मुलांना आधी वर्गात माहिती द्या, कारण किनाऱ्यावर ओरडून सांगणं जमणार नाही. कन्नड माध्यमाची मुलं असतील तर कारवारच्या बाजूला जाणं सोयीचं, तिकडच्या वनरक्षकांशी कन्नडमध्ये बोलता येतं. कोकणीही चालते.

बसने जाता येतं का?

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून सावंतवाडी, वेंगुर्ला, पणजी, कारवारकडे बस मिळतात. शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरांना रिक्षा किंवा स्थानिक एसटी. गोव्याकडे लोंढ्यावरून रेल्वेनेही जाता येतं. वेळेची खात्री करून निघा. रात्री उशिरा पोचू नका. आणि चोर्ला किंवा आंबोली घाट रात्री उतरणार असाल तर हळू चालवा. चोर्ल्याच्या वाटेला भीमगड अभयारण्याचा परिसर लागून आहे, आणि दोन्हीकडे रस्त्यावर गवे येतात.

मच्छीमारांच्या जाळ्यात कासवं मरतात म्हणे. मग गावाला कशाला पैसे द्यायचे?

जाळ्यात मरतात हे खरं आहे. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, ट्रॉलरच्या जाळ्यात फार वेळ अडकलं की ते गुदमरतं. पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या गावच्या रापणकराला यासाठी जबाबदार धरणं चुकीचं आहे. कासव मिळालं तर तो बहुतेक वेळा सोडतोच. जाळं कापून कासव किंवा दुसरा संरक्षित समुद्री जीव सोडला तर महाराष्ट्र सरकार नुकसानभरपाई देतं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ही योजना सुरू झाली, २५ हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळते. कासवमित्रांतले कितीतरी जण मच्छीमार घरांतलेच आहेत.

ही कासवं येतात कुठून, जातात कुठं?

पूर्वी समज असा होता की पश्चिम किनाऱ्याची वेगळी आणि ओडिशाची वेगळी. मग उपग्रह ट्रान्समीटर लावायला सुरुवात झाली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीला लावला, तिचं नाव प्रथमा. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरहून बागेश्री आणि गुहा निघाल्या. बागेश्री आपल्या कर्नाटक-केरळच्या किनाऱ्याने खाली उतरली, श्रीलंकेला वळसा घातला आणि थेट बंगालच्या उपसागरात पोचली. त्याच्या उलटाही प्रवास सापडला: २०२१ मध्ये ओडिशात पंजाला खूणपट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना मिळाली.

तेव्हा गाडीत ‘ही कासवं आमच्याच किनाऱ्याची’ असा वाद निघाला, आणि सीमाभागातल्या माणसांत असा वाद निघतोच, तर बागेश्रीची गोष्ट सांगा.

घरी पाळलेलं कासव आहे. नेतोय तर समुद्रात सोडून येऊ का?

अजिबात नको. हे फार जण विचारतात, म्हणून ठळक सांगतो. घरातलं कासव बहुधा गोड्या पाण्याचं किंवा जमिनीवरचं असतं. ते खाऱ्या पाण्यात मरेल. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव पाळणं तर गुन्हाच आहे, कितीही शुभ मानत असाल तरी. ते जवळच्या वनखात्याच्या कार्यालयात जमा करा. डोळ्याजवळ लाल पट्टा असलेलं दुकानातून आणलेलं परदेशी कासव मलप्रभेत किंवा तळ्यातही सोडू नका. ते आपल्या कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं.

किनाऱ्यावर जखमी कासव सापडलं तर?

पावसाळ्यात अशी कासवं जास्त सापडतात, पंजाला जाळं गुंडाळलेली किंवा पाठ फुटलेली. समुद्रात परत ढकलू नका. दमलेलं कासव बुडून मरतं. सावलीत ठेवा, ओलं फडकं पाठीवर टाका, नाक-तोंड मोकळं ठेवा. पाणी पाजू नका, खायला घालू नका. पंजाला धरून ओढू किंवा उचलू नका. जाळं आवळलेलं असेल तर ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि मांसात रुतलेला भाग तसाच ठेवा. बघ्यांना मागे हटवा. मग महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असाल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, गोव्यात असाल तर जवळच्या वनखात्याच्या चौकीवर किंवा किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना सांगा. ते येईपर्यंत कुणीतरी एकाने तिथंच थांबायचं, कुत्री राखायला.

मेलेलं सापडलं तरी कळवा. पुरण्यापूर्वी त्याची मोजमापं आणि नोंद घ्यायची असते.